प्रतिस्पर्ध्यानं खेळायचं थांबवलं तेव्हा

बेलफास्टच्या पश्चिम भागात, डोनेगॉल रोडवर, बेलफास्ट सेल्टिक या फुटबॉल क्लबचं सेल्टिक पार्क हे मैदान होतं. दक्षिणेला, लिस्बर्न रोडपासून जवळच, लिनफील्ड या क्लबचं विंडसर पार्क आजही आहे. दोन्हींमधलं अंतर मैलभराहून कमी. मध्ये बॉग मेडोज नावाचा पाणथळ गवताळ पट्टा आणि रेल्वेचे रूळ. १९२५ ते १९४९ या काळात आयरिश लीगचं विजेतेपद या दोन मैदानांबाहेर फक्त एकदा गेलं. दुसऱ्या महायुद्धामुळे लीग बंद राहिली ती वर्षं वगळली तर या काळात लीगचे १७ हंगाम झाले. त्यांतले ११ बेलफास्ट सेल्टिकनं जिंकले, ५ लिनफील्डनं आणि एकच, १९३०-३१ चा, पूर्व बेलफास्टच्या ग्लेंटोरननं. त्या वर्षांत लीगऐवजी छोटी प्रादेशिक स्पर्धा भरवली जाई. तिची सातही विजेतेपदं या दोघांनीच वाटून घेतली, चार सेल्टिकनं आणि तीन लिनफील्डनं.

आणि मग १९४९ च्या एप्रिलमध्ये बेलफास्ट सेल्टिकनं लीगला कळवलं की पुढच्या हंगामापासून आपण खेळणार नाही. क्लब कर्जात बुडाला नव्हता. संघही दुबळा झाला नव्हता. आदल्याच हंगामात तो विजेता होता आणि त्या हंगामात दुसरा आला. तरीही त्यानं अंग काढून घेतलं आणि परत कधी तो लीगमध्ये उतरला नाही. फुटबॉलच्या इतिहासात बुडालेले, विकले गेलेले, दुसऱ्यांत विलीन झालेले क्लब पुष्कळ सापडतात. यशाच्या शिखरावर असताना खेळच सोडून देणारा क्लब विरळा. तो असा का गेला हे समजून घ्यायचं तर लीगच्या सुरुवातीपासून पाहावं लागतं.

आयर्लंडमधलं फुटबॉल बेलफास्टमध्ये रुजलं. १८७९ मध्ये जॉन मॅकॅलरी या व्यापाऱ्याच्या पुढाकारानं तिथे क्लिफ्टनव्हिल हा क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी आयरिश फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. १८९० मध्ये लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ क्लब होते. सात बेलफास्टचे आणि एक आर्माजवळच्या मिलफर्डचा. नावात साऱ्या देशाचा उल्लेख असला तरी ती जवळजवळ एका शहराची लीग होती. डब्लिनचे बोहेमियन्स आणि शेलबोर्न हे क्लब तिच्यात यायला विसावं शतक उजाडलं. याचं कारण उद्योगात होतं. लिननच्या गिरण्या, जहाजं बांधणारे कारखाने, दोरखंडांचे कारखाने यांमुळे बेलफास्ट हे त्या बेटावरचं सर्वांत मोठं औद्योगिक शहर बनलं होतं. शनिवारी दुपारी पाळी सुटली की हजारो कामगारांच्या हाती अर्धा दिवस आणि खिशात थोडे पैसे असत. समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडशी रोजची ये-जा होती आणि तिथून खेळाडूही येत.

लिनफील्डचा जन्म १८८६ चा. दक्षिण बेलफास्टमधल्या सँडी रो या वस्तीत अल्स्टर स्पिनिंग कंपनीची लिनफील्ड नावाची गिरणी होती. तिथल्या कामगारांनी हा क्लब काढला आणि गिरणीचंच नाव त्याला मिळालं. लालबाग-परळचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गिरणी, चाळ, व्यायामशाळा आणि संघ यांची सांगड आपल्याकडेही अशीच बसली होती. सँडी रो ही प्रोटेस्टंट कामगारांची वस्ती, ब्रिटनशी नातं टिकवू पाहणाऱ्या युनियनिस्ट राजकारणाचा बालेकिल्ला. लीगची पहिली तीन विजेतेपदं लिनफील्डनं ओळीनं जिंकली.

पश्चिमेकडचा फॉल्स रोड हा कॅथलिकांचा भाग. तिथे १८९१ मध्ये बेलफास्ट सेल्टिकची स्थापना झाली. नाव ग्लासगोच्या सेल्टिककडून घेतलं. तो क्लबही आयर्लंडमधून स्थलांतरित झालेल्या कॅथलिकांच्या वस्तीतून उभा राहिला होता. १९०० मध्ये बेलफास्ट सेल्टिकनं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या वर्षी सेल्टिक पार्क उभं राहिलं. त्याचे चाहते त्याला ‘पॅराडाइज’ म्हणत. विंडसर पार्क १९०५ मध्ये खुलं झालं. दोन्ही क्लबांना आता स्वतःचं घर होतं, आणि दोन्ही घरांना दोन वेगळ्या वस्त्यांची पाठराखण होती.

त्या शहरात वस्ती म्हणजे धर्म आणि धर्म म्हणजे राजकारण. आयर्लंडला स्वतःचं विधिमंडळ मिळावं अशी मागणी करणारी होमरूल चळवळ १९१२ मध्ये ऐन भरात होती. टिळक आणि ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आपापल्या होमरूल लीग काढताना जिच्याकडे पाहिलं तीच ही चळवळ. ८ फेब्रुवारी १९१२ ला तेव्हाचे मंत्री विन्स्टन चर्चिल होमरूलच्या बाजूनं भाषण करायला बेलफास्टला आले. युनियनिस्टांनी त्यांना अल्स्टर हॉल मिळू दिला नाही, म्हणून सभा सेल्टिक पार्कवर घ्यावी लागली. फुटबॉलचं मैदान राजकारणातली एक बाजू मानलं जाऊ लागलं होतं, याचा आणखी पुरावा नको. सात महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, त्याच मैदानावर सेल्टिक आणि लिनफील्ड यांचा सामना मध्यंतरालाच सोडून द्यावा लागला. पायऱ्यांवर दंगल पेटली, गोळ्या झाडल्या गेल्या, साठांहून अधिक माणसं जखमी झाली. पुढच्या दोन आठवड्यांत लाखो युनियनिस्टांनी होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या.

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती आणखी चिघळली. १९२० च्या सेंट पॅट्रिक दिनी, १७ मार्चला, क्लिफ्टनव्हिलच्या मैदानावर सेल्टिक आणि ग्लेंटोरन यांच्यात आयरिश कपचा उपांत्य सामना पुन्हा खेळवला जात होता. सेल्टिकच्या एका खेळाडूला रेफ्रीनं बाहेर काढलं, प्रेक्षक मैदानात घुसले आणि गर्दीतल्या एकानं पिस्तूल झाडलं. पुढे दोन्ही संघ स्पर्धेबाहेर झाले आणि अंतिम सामना न खेळताच शेलबोर्नला कप देण्यात आला. सेल्टिक त्या हंगामाचा विजेता होता. तरीही तो लीगमधून बाहेर पडला आणि १९२४ पर्यंत परतला नाही. ही पहिली माघार. त्या चार वर्षांत बेलफास्टनं जे पाहिलं ते भयंकर होतं. जुलै १९२० मध्ये जहाजबांधणीच्या कारखान्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना हुसकावून लावलं गेलं आणि १९२२ पर्यंतच्या दंगलींत शहरात चारशेहून अधिक माणसं मेली.

याच काळात देशाबरोबर फुटबॉलचीही फाळणी झाली. १९२१ मध्ये शेलबोर्न आणि ग्लेनॅव्हन यांचा कपचा सामना पुन्हा खेळवायची वेळ आली. रिवाजानुसार तो डब्लिनला व्हायला हवा होता, पण असोसिएशननं तो बेलफास्टलाच ठेवला. शेलबोर्ननं यायला नकार दिला. डब्लिनच्या मंडळींनी स्वतःची संघटना आणि स्वतःची लीग काढली. सीमारेषा नकाशावर पक्की होत असतानाच खेळातही ओढली गेली. आयरिश लीग हे नाव तसंच राहिलं, पण आता ती उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांपुरतीच उरली.

सेल्टिक नसतानाच्या १९२१-२२ च्या हंगामात लिनफील्डनं खेळला तो प्रत्येक करंडक जिंकला. सात स्पर्धा, सात विजेतेपदं. पराक्रम मोठाच, पण शहरातला सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी तेव्हा मैदानात नव्हता. १९२४ मध्ये तो परतला आणि दुसऱ्याच हंगामापासून सलग चार विजेतेपदं घेऊन बसला. त्यांतला चौथा, १९२८-२९ चा हंगाम, त्यानं लीगमध्ये एकही सामना न हरता पुरा केला.

लिनफील्डचं उत्तर होतं जो बॅम्ब्रिक. १९२९-३० च्या एका हंगामात या सेंटर फॉरवर्डनं सर्व स्पर्धा मिळून ९४ गोल केले आणि विजेतेपद विंडसर पार्कला आणलं. त्याच हंगामात, १ फेब्रुवारी १९३० ला, आयर्लंडनं वेल्सला ७-० असं हरवलं. त्यातले सहा गोल एकट्या बॅम्ब्रिकचे, आणि सामना झाला तो सेल्टिक पार्कवर. लिनफील्डच्या माणसानं आपल्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस प्रतिस्पर्ध्याच्या घरी साजरा केला. पुढे चेल्सीनं त्याला लंडनला नेलं.

ही चढाओढ बाकीच्यांना झेपत नव्हती. त्यामागे व्यवहार होता. त्या काळी क्लबांचं मुख्य उत्पन्न म्हणजे प्रवेशद्वारावर जमणारा गल्ला. लिनफील्डकडे विंडसर पार्क होतं, जिथे आंतरराष्ट्रीय सामनेही होत. सेल्टिकनं आणखी एक वाट शोधली. एप्रिल १९२७ मध्ये सेल्टिक पार्कवर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या. आयर्लंड बेटावरच्या त्या पहिल्याच. पैजेचा शौक असलेल्या कामगार वस्तीत त्यांना गर्दीचा तोटा नव्हता. शिवाय मोठे खेळाडू इंग्लंड-स्कॉटलंडला विकून पैसा येई. युद्धानंतर जॅकी व्हर्नन वेस्ट ब्रॉमविचला गेला आणि खोड्यांसाठी प्रसिद्ध असलेला चार्ली टली १९४८ मध्ये ८,००० पौंडांना ग्लासगोच्या सेल्टिककडे. छोट्या क्लबांना वर्षातून दोनदा या दोघांपैकी कुणाचा पाहुणचार करायला मिळाला, तर तेवढ्या गल्ल्यावर त्यांचं वर्ष निघे. दोघांचं वर्चस्व त्यांना खुपत होतं आणि पोसतही होतं.

१९३४ मध्ये सेल्टिकनं नेमलेला व्यवस्थापक हा या साऱ्या कथेतला सर्वांत लक्षवेधी माणूस. एलिशा स्कॉट. बेलफास्टमध्ये जन्मलेला प्रोटेस्टंट. १९१२ पासून २२ वर्षं तो लिव्हरपूलचा गोलरक्षक होता आणि तिथल्या चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. करड्या शिस्तीच्या या माणसाच्या हाताखाली १९३५-३६ ते १९३९-४० अशी सलग पाच विजेतेपदं सेल्टिकला मिळाली. कॅथलिक वस्तीचा क्लब एका प्रोटेस्टंटाच्या हवाली होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. संघातही दोन्ही धर्मांचे खेळाडू असत. ज्याला चेंडू खेळवता येतो तो आपला, हा क्लबचा शिरस्ता होता.

इथे मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची आठवण होते. जिमखान्यांच्या त्या क्रिकेट स्पर्धेत संघच धर्मावर बांधलेले होते. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन, आणि १९३७ पासून ‘द रेस्ट’, ज्यात सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे खेळले. गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरमध्ये या सामन्यांविरुद्ध मत दिलं आणि १९४६ नंतर ते कायमचे बंद झाले. मुंबईत संघाची नावं जातीय होती, तरी ब्रेबॉर्न स्टेडियमवर मर्चंट आणि हजारे यांच्या धावांची चढाओढ सारे मिळून पाहत. बेलफास्टमध्ये नेमकं उलट घडलं. सेल्टिकच्या संघात धर्म पाहिला जात नव्हता, पण पायऱ्यांवर उभा राहणारा माणूस कुठल्या वस्तीतून आला आणि कुठल्या वाटेनं घरी जाणार, हे ठरलेलं होतं. मुंबईचं दुखणं नावात होतं म्हणून स्पर्धा बंद करून ते काढता आलं. बेलफास्टचं दुखणं प्रेक्षकांत होतं. ते कुठल्या नियमानं काढायचं?

उत्तर सापडलं नाही, आणि २७ डिसेंबर १९४८ उजाडला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, या दोन क्लबांची गाठ पडायची. त्या वर्षी २६ तारीख रविवारी आली. उत्तर आयर्लंडमध्ये रविवारी फुटबॉल खेळत नसत, म्हणून विंडसर पार्कवरचा सामना सोमवारवर गेला. सेल्टिकच्या आघाडीला जिमी जोन्स होता. वीस वर्षांचा, धिप्पाड, गोलांचा धडाका लावणारा सेंटर फॉरवर्ड. लर्गन गावचा आणि धर्मानं प्रोटेस्टंट.

पहिल्या सत्रात जोन्स आणि लिनफील्डचा बचावपटू बॉब ब्रायसन यांची चेंडूसाठी टक्कर झाली. ब्रायसनला उचलून बाहेर न्यावं लागलं. मध्यंतरात लिनफील्डचे सचिव जो मॅकी यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की ब्रायसनचं हाड मोडलं आहे. हजारो माणसं थंडीत उभी होती, काहींनी सणाची प्यालेली होती, आणि आता त्यांना एक नाव मिळालं. दुसऱ्या सत्रात खेळ आणखी खडाखडीचा झाला. लिनफील्डचा आणखी एक खेळाडू जखमी होऊन गेला. दोन्ही संघांतल्या एकेकाला रेफ्रीनं बाहेर काढलं. तेव्हा बदली खेळाडू उतरवता येत नसे, म्हणून लिनफील्डचे आठच जण उरले. शेवटच्या काही मिनिटांत सेल्टिकला पेनल्टी मिळाली आणि हॅरी वॉकरनं ती जाळ्यात मारली. लिनफील्ड हरणार असं वाटत असताना बिली सिम्प्सननं बरोबरीचा गोल केला. आठ माणसांनी विजेत्यांना रोखलं होतं. चाहत्यांनी आनंद साजरा करत घरी जावं असा हा निकाल.

शिट्टी वाजली आणि जमाव मैदानात उतरला. सेल्टिकचे खेळाडू आत पळण्याआधीच त्यांना घेरलं गेलं. गोलरक्षक केव्हिन मॅकॅलिंडन आणि रॉबिन लॉलर यांना मारहाण झाली. जोन्सला कठड्यावरून खाली प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर फेकलं आणि तो पडलेला असताना त्याच्या पायावर लाथा आणि उड्या मारल्या. पाय मोडला. त्याचा मित्र, बॅलिमिना युनायटेडचा गोलरक्षक शॉन मॅककॅन, त्या दिवशी सामना पाहायला आला होता. तो गर्दीतून वाट काढत पोचला आणि त्यानं जोन्सला वाचवलं. जोन्सचं हॉस्पिटलातलं वास्तव्य महिन्यांवर गेलं आणि तो पाय कायमचा आखूड राहिला. फॉल्स रोडच्या क्लबवर राग काढायला निघालेल्या जमावानं आपल्याच धर्माच्या मुलाला पांगळं करायचा प्रयत्न केला होता.

खेळाडूंचं रक्षण करायला पुरेसा बंदोबस्त नव्हता, असं सेल्टिकच्या संचालकांनी जाहीर पत्रकात स्पष्ट म्हटलं. असोसिएशननं विंडसर पार्क थोड्या काळासाठी बंद ठेवायचा आदेश दिला, एवढ्यावर कारवाई आटोपली. सेल्टिकच्या संचालकांना त्यातून जे कळायचं ते कळलं. त्यांनी हंगाम पुरा केला. लॉलरसारखे खेळाडू लंडनच्या फुलहॅमकडे गेले. २१ एप्रिल १९४९ ला क्लिफ्टनव्हिलविरुद्ध सेल्टिक लीगमधला अखेरचा सामना खेळला आणि जिंकला. मे महिन्यात संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. २९ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ पडली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाशी. त्याच वसंतात वेम्बलीवर इंग्लंडला ३-१ हरवून ब्रिटनचं विजेतेपद मिळवलेला हा स्कॉटलंड. सेल्टिकनं त्याला २-० असं हरवलं. ज्या क्लबाला आता लीगच नव्हती त्यानं एका देशाला हरवलं, ही बातमी बेलफास्टला पोचली तेव्हा अनेकांना वाटलं, आता तरी संचालक मन बदलतील. त्यांनी बदललं नाही. पुढे १९६० पर्यंत काही मैत्रीपूर्ण सामने झाले, बस्स.

माघार घेणं सेल्टिकला परवडलं ते ग्रेहाउंडच्या शर्यतींमुळे. त्या चालू राहिल्या आणि कंपनीला उत्पन्न मिळत राहिलं. दुसऱ्या कुठल्या क्लबाला असा निर्णय घ्यायचा असता तरी पोटामुळे घेता आला नसता. १९२० च्या माघारीनंतर तो परतला होता, म्हणून याही वेळी परतेल अशी आशा कित्येक वर्षं रेंगाळली. शर्यती १९८३ मध्ये संपल्या, मैदान पाडलं गेलं आणि तिथे पार्क सेंटर हे खरेदी संकुल उभं राहिलं. सेल्टिकचं छोटं संग्रहालय आज तिथेच आहे.

१९४८-४९ चं विजेतेपद लिनफील्डला मिळालं, पण त्याबरोबर वर्षातला सर्वांत मोठा गल्ला आणि सर्वांत मोठा सामना त्यानं गमावला. बाकीच्या क्लबांनाही सेल्टिकच्या पाठीराख्यांची गर्दी परत दिसली नाही. फॉल्स रोडवरच्या अनेकांनी स्थानिक फुटबॉलकडे पाठ फिरवली. त्यांची निष्ठा समुद्रापलीकडे ग्लासगोला गेली. काही काळ लीग मोकळी झाली. १९५१-५२ मध्ये लर्गनचा ग्लेनॅव्हन विजेता झाला. बेलफास्टबाहेर विजेतेपद जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढे त्याच ग्लेनॅव्हनकडून, स्वतःच्या गावी, आखूड पायानं जिमी जोन्स खेळला. १९५६-५७ च्या हंगामात त्यानं ७४ गोल केले, क्लबाला लीग आणि कप दोन्ही मिळवून दिले. उत्तर आयर्लंडकडूनही तो एकूण तीन सामने खेळला. पाय मोडणाऱ्यांनी त्याची कारकीर्द संपवायचं ठरवलं असेल, तर त्यांना ते जमलं नाही.

मात्र दोघांच्या लीगची सवय फार काळ सुटली नाही. सेल्टिकच्या जागी हळूहळू ग्लेंटोरन आला. १८८२ मध्ये स्थापन झालेला, जहाजबांधणीच्या कारखान्यांच्या सावलीतला हा पूर्व बेलफास्टचा क्लब. १९६७ मध्ये त्यानं युसेबिओच्या बेनफिकाला घरी १-१ आणि लिस्बनमध्ये ०-० असं रोखलं आणि केवळ परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमानं तो युरोपियन कपमधून बाहेर पडला. त्याच वर्षी लिनफील्ड त्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता. १९७६-७७ ते १९८८-८९ या १३ हंगामांत लीग या दोघांखेरीज कुणालाही जिंकता आली नाही. २००२-०३ ते २०११-१२ या दहा हंगामांतही तेच झालं. रॉय कॉइल या व्यवस्थापकानं तर आधी लिनफील्डला दहा विजेतेपदं मिळवून दिली आणि नंतर ग्लेंटोरनलाही विजेता केलं. शहर आता या जोडीला ‘बिग टू’ म्हणू लागलं.

या नव्या जोडीत एक गोष्ट वेगळी होती. लिनफील्ड आणि ग्लेंटोरन या दोघांचेही पाठीराखे बहुतांशी प्रोटेस्टंट. धर्माचा मुद्दा निघून गेला, पण भांडण गेलं नाही. एप्रिल २००५ मध्ये ग्लेंटोरनच्या ओव्हल मैदानावर क्रिस मॉर्गननं अगदी शेवटच्या क्षणी गोल करून लिनफील्डला ३-२ हरवलं, विजेतेपदाचं पारडं फिरवलं, आणि त्यानंतर मैदानातच दोन्ही बाजूंच्या चाहत्यांत धुमश्चक्री झाली. मॉर्गन स्वतः आधी लिनफील्डकडूनच खेळला होता. सेल्टिकच्या काळातल्या हिंसेला धर्म आणि फाळणी यांनी धार दिली, हे खरं. तिचं मूळ मात्र शेजारी राहणाऱ्या दोन वस्त्यांच्या रोजच्या स्पर्धेत होतं, आणि ते मूळ धर्म बाजूला सारल्यावरही शिल्लक राहिलं.

ज्यांना या जोडीत जागा नव्हती त्यांचं काय झालं? १९६४-६५ चा विजेता डेरी सिटी हा कॅथलिकबहुल शहरातला क्लब. १९७० च्या दशकाच्या आरंभी हिंसा वाढली आणि त्याला स्वतःच्या ब्रँडीवेल मैदानावर खेळू दिलं जाईना. १९७२ मध्ये तोही लीगमधून बाहेर पडला. तेरा वर्षं वरच्या पातळीवरच्या फुटबॉलविना काढून १९८५ मध्ये तो सीमा ओलांडून डब्लिनच्या लीगमध्ये गेला आणि १९८८-८९ मध्ये तिथले तिन्ही मोठे करंडक एकाच हंगामात घेऊन बसला. क्लिफ्टनव्हिलनं लीग सोडली नाही, पण त्याच्या मैदानावर लिनफील्ड १९७० नंतर थेट १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये पाहुणा म्हणून आला. मधल्या काळात लिनफील्डविरुद्धचे क्लिफ्टनव्हिलचे घरचे सामनेही सुरक्षेच्या नावाखाली विंडसर पार्कवर होत.

सीमेपलीकडची तुलना बोलकी आहे. डब्लिनच्या लीगमध्ये २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं डंडॉक आणि कॉर्क सिटी हेच पहिले दोन होते. चार विजेतेपदं डंडॉकची, २०१७ चं कॉर्कचं. २०१५ पासून सलग चार कपच्या अंतिम सामन्यांतही हेच दोघे. पण दोन शहरांमध्ये काही शे किलोमीटरचं अंतर. जोडी जमली ती दोन चांगल्या व्यवस्थापकांमुळे आणि युरोपियन स्पर्धांतून आलेल्या पैशामुळे. माणसं गेली, पैसा आटला आणि जोडी तुटली. २०२० मध्ये कॉर्क खालच्या श्रेणीत घसरला, २०२४ मध्ये डंडॉक. त्यांच्या पाच वर्षांना जपणारी वस्ती नव्हती, त्यामुळे त्यांना मारणारा जमावही नव्हता.

आयरिश लीगमध्ये २०१२ नंतर क्लिफ्टनव्हिल, क्रुसेडर्स आणि लार्न यांनीही विजेतेपदं जिंकली. २००८-०९ नंतर २०२५ पर्यंत ग्लेंटोरनला एकही विजेतेपद मिळालं नव्हतं. लिनफील्डची विजेतेपदं २०२५ मध्ये ५७ झाली. सेल्टिकची १४ वर थांबली आहेत. या आकड्यांकडे पाहून लिनफील्डला विजेता म्हणणं सोपं आहे. पण सत्तावन्नांतली किती विजेतेपदं खऱ्या अर्थानं कमावलेली, हे मोजायचं असेल तर १९२५ ते १९४९ मध्ये समोर सेल्टिक उभा असतानाची पाच आधी मोजावी लागतील. त्यांतल्या एकाच्या हंगामात बॅम्ब्रिकला ९४ गोल करावे लागले होते. सेल्टिक गेल्यावर लिनफील्डला जिंकायला सामने पुष्कळ मिळाले. त्याला मोठं करणारा प्रतिस्पर्धी त्याच्याच प्रेक्षकांनी घालवला होता. बॉक्सिंग डेला बेलफास्टमध्ये आजही मोठा सामना होतो. आता तो लिनफील्ड आणि ग्लेंटोरनमध्ये असतो.